उद्या तुम्ही कामावर गेला नाहीत तर काय अडेल?

दिल्लीत शाहजहान रोडवर धोलपूर हाऊस आहे. तिथे केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत द्यायला जाणारी मुलं काय काय पाठ करून जातात, हे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या जिल्ह्याचा इतिहास, राज्यपालांचे अधिकार, पश्चिम आशियातलं राजकारण, स्वतःच्या नावाचा अर्थ, आणि अर्जात छंद म्हणून ट्रेकिंग लिहिलं असेल तर दहा-बारा किल्ल्यांची उंचीसुद्धा. एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण या मुलाखतीचे, तेव्हा घोकंपट्टीला हसण्यात अर्थ नाही. पण एवढं करून मुलगा अडखळतो तो भलतीकडेच. ‘सध्या नोकरी करता ना? मग नेमकं काम काय असतं तुमचं?’ एवढं कोणी विचारलं की गाडी अडते.

रोज आठ-नऊ तास जे करतो त्याची काय तयारी करायची, असं वाटत असल्यामुळे या प्रश्नाची तयारी कोणी करत नाही. सराव मुलाखतींमध्ये म्हणूनच एक संवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. समोर हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा मुलगा. पॅनेलवर एक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाच्या एक प्राध्यापिका.

‘सर, मी एका बँकिंग क्लायंटसाठी ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये आहे. आमचं मॉडेल एजाइल आहे. दोन आठवड्यांचे स्प्रिंट असतात आणि मी रिग्रेशन स्वीट हँडल करतो.’

प्राध्यापिका विचारतात, ‘म्हणजे काय करता?’

‘मॅडम, म्हणजे प्रत्येक रिलीजच्या आधी आम्ही रिग्रेशन रन करतो.’

मॅडम मान डोलावतात, पण ती समजल्याची मान नसते. पुढचा प्रश्न थेट पंचायत राजवर जातो. मुलाला वाटतं, सुटलो. खरं तर ज्या विषयात पॅनेलमधल्या कोणालाही त्याच्यापेक्षा जास्त कळत नव्हतं, तो एकमेव विषय त्याने हातचा घालवलेला असतो.

हाच मुलगा असंही सांगू शकला असता: ‘एका बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये दर पंधरा दिवसांनी काही ना काही बदल होतात. ते लोकांच्या फोनवर जाण्याआधी कुठे मोडतात का, हे पाहणं माझं काम. समजा तुम्ही कोणाला पाच हजार रुपये पाठवताय आणि मधेच रेंज गेली. पैसे खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, असं होता कामा नये. दोनदा कापले जाता कामा नयेत. असे शेकडो प्रसंग मी प्रोग्राम लिहून मुद्दाम घडवून आणतो. रात्रभर ते आपोआप चालतात आणि सकाळी काय मोडलं त्याची यादी मला मिळते.’ यात काहीही खोटं नाही, काही वगळलेलंही नाही. रिग्रेशन स्वीट म्हणतात ते हेच. पण आता निवृत्त अधिकारी पुढे सरकून बसतात आणि विचारतात, ‘मग सापडलं का कधी असं काही?’ त्यानंतरची पाच मिनिटं मुलाच्या हातात असतात.

पहिल्या उत्तरात माणूस नाही, वस्तू नाही, प्रसंग नाही. दुसऱ्यात पैसे पाठवणारा आहे, त्याचा फोन आहे, नेमकी गेलेली रेंज आहे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायचं असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा: उद्यापासून मी, किंवा माझं काम करणारं कोणीच, कामावर गेलं नाही तर कोणाचं काय अडेल? हुद्दा, विभाग, कंपनीचा आवाका हे सगळं बाजूला पडतं आणि अडणारा माणूस समोर येतो. तिथून बोलायला सुरुवात केली की वाक्यं आपोआप सरळ होतात.

हे इतकं सोपं असेल तर हुशार मुलांना जमत का नाही? याचं एक उत्तर एलिझाबेथ न्यूटन यांच्या प्रयोगात आहे. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी एक साधा खेळ मांडला. एकाने ‘हॅपी बर्थडे’सारखं सर्वांना ठाऊक असलेलं गाणं मनात धरायचं आणि टेबलावर बोटांनी त्याचा ठेका वाजवायचा. दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती वेळा ओळखलं जाईल? ते म्हणाले, निम्म्या वेळा तरी. प्रत्यक्षात १२० वेळा ठेके वाजले आणि गाणी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या कानात अख्खं गाणं सुरू असतं, शब्दांसकट आणि वाद्यांसकट. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. आणि एवढं साधं गाणं याला कसं ओळखू येत नाही, म्हणून वाजवणाराच वैतागतो. ‘स्प्रिंट’ म्हणताना आपल्या मुलाच्या डोक्यात दोन आठवड्यांची पूर्ण धावपळ वाजत असते, मॅडमना टकटक ऐकू येते. या अडचणीला अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच ‘ज्ञानाचा शाप’ असं भारदस्त नाव दिलं आहे. बाजारात ज्याला जास्त माहिती आहे त्याला कमी माहिती असलेल्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, आणि त्यात त्याचंच नुकसान होतं, हा त्यांचा मुद्दा होता.

दुसरं कारण जरा झोंबणारं आहे. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना विचारलं, कपड्याची झिप, कमोडचा फ्लश, कुलूप, गाडीचा स्पीडोमीटर, हेलिकॉप्टर हे कसं चालतं ते तुम्हाला किती समजतं? १ ते ७ मध्ये गुण द्या. लोकांनी सढळ हाताने दिले. मग सांगितलं, आता कागदावर पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तेव्हा ते खाली आले होते. रोज वापरतो म्हणून समजतं असं वाटत होतं, इतकंच.

नोकरीचंही तसंच होतं. आपल्या टेबलावर येणारा कागद कुठून येतो आणि इथून पुढे कुठे जातो, हे वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसणाऱ्याला माहीत नसतं. ‘मी अख्खा वेस्ट झोन हँडल करतो’ असं सांगणाऱ्याला हळूच विचारावं, ‘म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसात आल्यावर पहिलं काय करता?’ गडबड होते. मुरलेले मुलाखतकार साध्या भाषेचा आग्रह धरतात तो यासाठीही. अवघड शब्दांमागे उमेदवाराला जितकं येतं त्यापेक्षा जास्त येतं असं भासवता येतं, आणि जितकं येतं तितकंही झाकलं जाऊ शकतं. मुलाखतकाराला यातलं काय झालंय ते जाणून घ्यायचं असतं.

आणखी एक कारण आहे, ते आपल्याकडचं. लातूर-परभणीकडून पुण्याला आलेल्या मुलाने हे इंग्रजी शब्द फुकट मिळवलेले नसतात. पहिल्या वर्षी कॉलेजात त्या शब्दांनी त्याला घाबरवलेलं असतं, मग हळूहळू ते त्याचे झालेले असतात. ते टाकून बोल म्हटलं की आपलं काम हलकं वाटेल अशी भीती त्याला वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. घरी आईने विचारलं तर तो सांगतो, ‘कंपनीत कॉम्प्युटरवर काम असतं.’ ऑफिसात सांगतो, ‘रिग्रेशन स्वीट.’ या दोन टोकांच्या मधली भाषा त्याने कधी तयारच केलेली नसते, कारण मधलं कोणी आजवर विचारलेलंच नसतं. मुलाखतीत समोर बसलेली माणसं बहुतेक वेळा नेमकी त्या मधल्या जागेवरची असतात: शिकलेली, हुशार, पण आपल्या धंद्यातली नव्हेत.

आता एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून काम करणारी मुलगी मुंबईत शीतपेयांच्या कंपनीत गुणवत्ता विभागातल्या जागेसाठी मुलाखतीला आली आहे, असं धरू. मुलाखत घेणाऱ्यांत एक जण मनुष्यबळ विभागाचा, त्याने उसाचं शेत महामार्गावरून जाताना पाहिलेलं. मुलगी सांगते, ‘मी ज्यूसचं ब्रिक्स, पोल आणि प्युरिटी काढते आणि डीएमआर तयार करते.’ हे शंभर टक्के बरोबर आहे आणि समोरच्याला शून्य टक्के कळलेलं आहे.

अडणाऱ्या माणसापासून सुरुवात केली तर? कारखान्यात ऊस येतो, त्यात साखर आधीच असते. ती शेतात तयार झालेली असते, कारखाना ती फक्त वेगळी काढतो. शंभर किलो ऊस गाळून किती किलो साखर पोत्यात पडली, त्याला उतारा म्हणतात. शेतकऱ्याचा दर या उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५–२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्याला उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर ३,४६० रुपये अधिक. कारखान्याच्या बाजूने पाहिलं, तर हंगामात दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याला तेवढ्याच फरकाने एक हजार टन साखर जास्त मिळते. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपयांच्या किमान विक्री दरानेसुद्धा ती ३ कोटी १० लाखांची होते.

आता ती सांगू शकते: ‘उसातली सगळी साखर पोत्यात येत नाही. थोडी बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, राहते, थोडी प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, थोडी मळीत. मी प्रत्येक पाळीत या सगळ्यांचे नमुने घेऊन कुठे किती साखर चालली आहे ते मोजते. बगॅसमध्ये जास्त सापडली तर मिलवाल्यांना कळवते, कारण रस नीट निघत नाहीये. मळीत जास्त सापडली तर पॅनवाल्यांना. आणि सगळी बेरीज करूनही काही साखरेचा हिशेब लागत नाही, त्याचंही प्रमाण मी रोज काढते. ते वाढलं की मॅनेजरसाहेब स्वतः लॅबमध्ये येतात.’

शेवटच्या वाक्यावर मुलाखतकार हसेल आणि विचारेल, हिशेब न लागणारी साखर जाते कुठे? मग गळती, उकळताना रसाचे तुषार वाफेबरोबर वाहून जाणं, रस जास्त वेळ थांबला तर जिवाणूंनी साखर खाऊन टाकणं, हे सगळं ओघाने येईल. नंतर तिने ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचं प्रमाण आणि पोल म्हणजे त्यातली साखर, ती ध्रुवित प्रकाश किती वळतो यावरून मोजतात, असं म्हटलं तरी कोणी अडखळणार नाही, कारण आता ते आकडे कशासाठी हवेत हे माहीत झालेलं आहे. तांत्रिक शब्द वाईट नसतात. ज्याचं काम अडतं तो माणूस समोर येण्याआधी ते आले की त्रास देतात. शिवाय शीतपेयांच्या कंपनीत ब्रिक्स रोजच लागतो, त्यामुळे पॅनेलवरचा दुसरा, तांत्रिक माणूस इथून पुढे सूत्रं हातात घेईल.

‘सोपं करून सांगा’ म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा उपमा सुचते. याबद्दल मत बनवण्याआधी पदार्थविज्ञानातली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एप्रिल १९९३ मध्ये ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह भौतिकशास्त्रज्ञांच्या वार्षिक परिषदेत गेले. ‘हिग्स बोसॉन’ नावाचा कण शोधण्यासाठी जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रचंड यंत्र बांधायचं होतं आणि ब्रिटनने त्यात पैसे घालावेत अशी शास्त्रज्ञांची इच्छा होती. मंत्र्यांनी सांगितलं, हा कण म्हणजे काय आणि तो का शोधायचा, हे मला एका कागदाच्या एका बाजूवर समजेल असं लिहून द्या. उत्तम उत्तराला शॅम्पेनची बाटली बक्षीस. सरकारी अनुदानाच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत स्वस्त मुलाखत असावी. ११७ उत्तरं आली, पाच निवडली गेली.

त्यातलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डेव्हिड मिलर यांचं उत्तर सर्वांत गाजलं. एका पार्टीत राजकीय कार्यकर्ते दालनभर सारखे पसरून गप्पा मारत उभे आहेत. माजी पंतप्रधान आत येतात आणि दालन ओलांडू लागतात. जवळचे कार्यकर्ते त्यांच्याभोवती जमतात. त्या पुढे सरकतात तसे नवे जमतात, जुने पांगतात. या घोळक्यामुळे त्यांना वजन आल्यासारखं होतं, थांबवणं अवघड आणि थांबल्यावर पुन्हा चालवणंही अवघड. कणांना वस्तुमान असं मिळतं. उत्तराची खरी चलाखी मला पंतप्रधानांच्या निवडीत दिसते. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान बाई म्हणजे मार्गारेट थॅचर, आणि वॉल्डग्रेव्ह त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्या सरकारात काम केलेले. असा घोळका त्यांनी किती वेळा स्वतः पाहिला असेल! मिलर यांनी आधी ऐकणाऱ्याच्या आयुष्यात जाऊन पाहिलं, मग उपमा निवडली. त्याच उपमेने आपल्याकडच्या वाचकाला समजावायचं तर दालनाऐवजी लग्नाचा मांडव घ्यावा लागेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने टेक्सासमध्ये बांधकाम सुरू असलेला, सर्नच्या यंत्राहून मोठा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यानंतर, बंद करून टाकला. कारणं अनेक होती. खर्चाचा अंदाज सतत फुगत होता, शीतयुद्ध संपलं होतं. कोणी चांगली उपमा दिली नाही म्हणून तो बुडाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण हे कशासाठी, हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत पाठ सोडत नव्हता, हेही खरं. सर्नच्या यंत्राला १९९४ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली आणि ४ जुलै २०१२ रोजी कण सापडल्याची घोषणा झाली.

उपमेच्या विरुद्ध बाजूला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन उभे आहेत. १९८३ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांना विचारलं गेलं, दोन लोहचुंबक एकमेकांना ढकलतात तेव्हा बोटांना जे जाणवतं, ते काय असतं? फाइनमन आधी जवळजवळ चिडले. मग त्यांनी ‘का’ या प्रश्नाचीच चिरफाड केली. मावशी इस्पितळात आहे. का? बर्फावरून घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं. बहुतेकांना एवढं पुरतं. पण परग्रहावरून आलेल्याला पुरणार नाही. बर्फ निसरडा का असतो, हाड मोडल्यावर इस्पितळातच का जातात, हेही त्याला सांगावं लागेल. म्हणजे किती खोल जायचं हे विचारणाऱ्याला आधीच काय मान्य आहे यावर ठरतं. चुंबकांमध्ये जणू रबर ताणलंय असं सांगायला त्यांनी साफ नकार दिला. तसं सांगितलं तर मी तुम्हाला फसवीन, असं त्यांचं म्हणणं. कारण पुढे कोणी विचारलं की रबर का आखडतं, तर त्याचं उत्तर शेवटी याच विद्युत बलांपाशी येतं. याच फाइनमनांच्या नावावर एक जुनं उत्तरही सांगितलं जातं: १९६५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा पत्रकारांनी काम थोडक्यात सांगा म्हटलं, त्यावर तसं सांगता आलं असतं तर त्याला नोबेल कशाला मिळालं असतं, असं ते म्हणाले. नोबेल मिळाल्यावर हे चालतं. नोकरी मागताना चालत नाही.

मला विचाराल, तर न दिसणाऱ्या गोष्टीला उपमा हवी, मंत्र्यांना कण दाखवता येत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांची कामं दिसणारी असतात. बगॅसचा नमुना हातात धरता येतो. पैसे कापले गेल्याचा मेसेज सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे ‘मी म्हणजे कंपनीचा कणा’, ‘मी दोन विभागांमधला पूल’ असल्या उपमा कामाला झाकून टाकतात. पूल म्हणजे सकाळी काय करता, हा प्रश्न तसाच राहतो.

किती वेळ बोलायचं, याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने एक मजेशीर माप घालून दिलं आहे. तिथे २००८ मध्ये ‘तीन मिनिटांत प्रबंध’ ही स्पर्धा सुरू झाली आणि आज ती जगभर चालते. एक स्थिर स्लाइड, तीन मिनिटं, त्यापुढे गेलात की बाद. तेव्हा तिथे दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून अंघोळ करत होते. तीच कल्पना विद्यापीठाने उचलली. मुलाखतीत तीन मिनिटंसुद्धा फार होतात. पहिलं उत्तर मिनिटभराचं असावं आणि त्यात विचारायला जागा असावी. काही मुलं सगळं एकदम सांगून टाकतात, जणू पुढे कोणी विचारणारच नाही. मग खरोखरच कोणी विचारत नाही.

समोरच्याचा प्रश्न आधी मागून घ्यायची एक पद्धत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांची होती. शाळेतली मुलं स्वाक्षरी मागायला गर्दी करत, तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तरासोबत सही पाठवीन. पुण्यात आयुका उभी करणारा, विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणारा माणूस पोस्टकार्डावरच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं लिहीत बसे. पोस्टकार्डाएवढ्या जागेत बसणारं उत्तर द्यायचं तर विचारणाऱ्याला नेमकं कुठे अडलंय ते कळावं लागतं. मुलाखतीत पोस्टकार्ड मिळत नाही, पण ‘सर, तांत्रिक बाजू सांगू की कामाचं स्वरूप?’ असं विचारायला कोणाची हरकत नसते, आणि ते विचारणाऱ्याबद्दल मत चांगलंच होतं.

कधी कधी मात्र ‘काय करता’ याच्या आड खरा प्रश्न ‘याचा उपयोग काय’ हा असतो. तो आला की मुलं ताणायला लागतात. टेस्टिंग करणारा म्हणतो, मी देशाच्या डिजिटल क्रांतीत योगदान देतो. इथे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन आठवावेत. एप्रिल १९६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अणुऊर्जा समितीपुढे ते इलिनॉयमधल्या नव्या त्वरकासाठी पैसे मागायला उभे होते. रक्कम २५ कोटी डॉलर. शीतयुद्धाचा काळ. सिनेटर जॉन पास्टोर यांनी विचारलं, याचा देशाच्या सुरक्षेशी काही संबंध आहे का? ‘आहे’ म्हणणं किती सोपं होतं! विल्सन यांनी सरळ नाही म्हटलं. पास्टोर यांनी पुन्हा विचारलं, तरी नाहीच. मग ते म्हणाले की याचा संबंध आपण एकमेकांकडे किती आदराने पाहतो याच्याशी आहे, चांगले चित्रकार, शिल्पकार, कवी आपल्याकडे आहेत का याच्याशी आहे. देशाच्या संरक्षणाशी थेट संबंध नाही, पण देश संरक्षण करण्याजोगा व्हावा याच्याशी आहे. पैसे मिळाले. ती प्रयोगशाळा आज फर्मीलॅब म्हणून ओळखली जाते. एवढं देखणं उत्तर आपल्याला सुचेलच असं नाही, पण त्याआधीचं साधं ‘नाही’ कोणालाही म्हणता येतं.

आता उरतो तो अवघड भाग. उद्या कामावर गेलो नाही तर काय अडेल, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर? मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांनी २०१३ मध्ये लेख लिहून या दुखण्यावर बोट ठेवलं. असंख्य लोक अशा नोकऱ्या करतात ज्या नसल्या तरी चालतील, आणि हे त्यांना स्वतःलाही आतून माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेने पाहणी केली, तेव्हा ३७ टक्के लोकांनी आपल्या नोकरीमुळे जगात काही अर्थपूर्ण भर पडत नाही असं सांगितलं. पुढे संशोधकांनी युरोपभरच्या कामगार पाहणीची आकडेवारी तपासली, तर आपण उपयोगाचं काम करत नाही असं म्हणणारे जेमतेम पाच टक्के निघाले. प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून असतं. जगात भर पडते का म्हटलं की माणूस खचतो. कोणाचं अडतं का म्हटलं की निदान शेजारच्या टेबलावरचा एक जण तरी आठवतो.

कोणीच आठवलं नाही, तर मुलाखतीत तेही सांगता येतं. दर शुक्रवारी चाळीस पानांचा अहवाल बनवणाऱ्याने म्हणावं, ‘मी सात शाखांचे विक्रीचे आकडे जमवतो, त्यातल्या चुका दुरुस्त करतो आणि अहवाल वर पाठवतो. तो कोण वाचतं ते मला आजवर कळलेलं नाही. नोकरी बदलण्याचं तेही एक कारण आहे.’ यावर पॅनेलमधला कोणी तरी नक्की विचारेल, ‘आणि इथे वाचला जाईल असं तुम्हाला का वाटतं?’ त्या प्रश्नाची तयारी करून जावं. त्यासाठी आधी त्या कंपनीत तसला अहवाल कोणाच्या टेबलावर जातो, याची चौकशी करावी लागते.